ॲसिडने सांधे उजळतात ते का: परळहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

लाद्यांच्या सांध्यांवरचा माझा लेख वाचून तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तरच देते. तुमचं म्हणणं असं की माझे सगळे उपाय वेळ आणि पैसा असलेल्यांसाठी आहेत. तुमच्या आईने आयुष्यभर बाथरूम ॲसिडने धुतली आणि लाद्या कायम लख्ख राहिल्या. परळच्या दोन खोल्यांत कामाला येणाऱ्या मावशींना वीस मिनिटं असतात, त्यात ब्रश आणि सोडा कोण घेऊन बसणार? आणि शेवटी तुम्ही लिहिलंत: "पूर्वी दिवाळीला एकदा ॲसिड टाकलं की वर्षभर पुरायचं, आता महिन्यातच सांधे परत काळे पडतात, हल्लीच्या ॲसिडमध्येही भेसळ असते."

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या बाथरूमचं खरं दुखणं त्यातच आहे. ॲसिडला दोष देऊ नका, त्याने त्याचं काम चोख केलंय. लाद्यांमधला सांधा सिमेंटचा असतो. बाजारात मिळणारं बाथरूमचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते सिमेंटमधल्या कॅल्शियमच्या संयुगांवर तुटून पडतं, त्यांचं पाण्यात विरघळणारं क्षार बनतं आणि ते नहाणीतून वाहून जातं. म्हणजे मळ ज्या थरावर बसला होता तो थरच निघून जातो आणि खालचा कोरा थर दिसतो. म्हणून सांधा पांढरा दिसतो. पण तो आधीपेक्षा खरखरीत आणि जास्त सच्छिद्र झालेला असतो, त्यामुळे साबणाचा चिकटा आणि तेल त्यात अधिक खोल मुरतं. मग ॲसिड पुन्हा लवकर टाकावं लागतं, सांधा आणखी झिजतो, आणि वर्षाचं अंतर महिन्यावर येतं. आईच्या वेळी सांधे नवे, भरलेले होते. तुमच्या वाट्याला झिजलेले आलेत.

बाहेरच्या खोलीत मोझेक आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथे तर ॲसिडचा थेंबही नको. मोझेकमध्ये सिमेंटबरोबर संगमरवराचे तुकडे असतात आणि संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड पडल्यावर फेस येतो तो दगड विरघळल्याचा. गेलेली चकाकी मशीनने घासून पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. कोट्यालाही हेच लागू, तोही चुनखडीचाच दगड. या लाद्यांना भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घातलेलं कोमट पाणी पुरतं.

आता मावशींबद्दल. ताई, मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये अनवाणी, उकिडवं बसून, तोंड लादीपासून हातभर अंतरावर ठेवून त्या घासतात. ॲसिडची वाफ त्यांच्या नाकाडोळ्यांत जाते, पायांच्या भेगांत ॲसिड उतरतं. त्याच वाफेने नळाचा मुलामा उडतो आणि स्टीलच्या जाळीवर तांबेरा येतो. मग फुप्फुसाचं काय होत असेल? शिवाय तुमच्याकडे संडास-बाथरूम एकत्र आहे. भांड्यात टॉयलेट क्लीनर (त्यातही बहुधा ॲसिडच असतं) आणि लादीवर ब्लीच, अशी दोन्ही कामं एकाच वेळी चालली तर दोन्ही पाणी शेवटी एकमेकांत मिसळतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. फक्त एवढी एक गोष्ट त्यांना सांगितलीत आणि माझं बाकी काहीच मानलं नाहीत तरी चालेल.

आणि हातगाडीवरून कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून घेतलेलं ॲसिड घरात ठेवूच नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, विकणाऱ्याने गिऱ्हाइकाची नोंद ठेवणं सक्तीचं केलं. ते ॲसिडहल्ले रोखण्यासाठी होतं, पण सिंकखाली ठेवलेली ती बिनलेबलची बाटली लहान मुलाच्या हाती लागली तरी अनर्थ तेवढाच.

वेळेचं म्हणाल, तर माझ्या पद्धतीत हात कमी वेळ चालतो. जास्त वेळ लागतो तो सोडा मुरायला, आणि तेवढ्यात मावशी भांडी घासू शकतात. धुण्याचा सोडा वाण्याकडे स्वस्तात मिळतो. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे घालून सांध्यांवर ओता आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. हातमोजे घालून नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेची घासणी नको, ती सांधा कुरतडते. यानंतरची पायरी सगळे गाळतात: सुटलेलं काळं पाणी फडक्याने टिपून उचलायचं आणि मग स्वच्छ पाणी फिरवायचं. सांधा लादीपेक्षा किंचित खोल असतो, त्यामुळे न उचललेलं घाण पाणी तिथेच साचून वाळतं. रोज लादी पुसतानाही हेच होतं. फिनाइलच्या एका बादलीत स्वयंपाकघरापासून दारापर्यंत सगळं पुसलं की शेवटच्या खोलीत आपण ओट्याखालचं तेलच पसरवत असतो. पाणी ठरावीक वेळी येतं, ते जपून वापरावं लागतं, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून जास्त पाणी घ्या असं म्हणत नाही. तेच एक बादली पाणी दोन बादल्यांत अर्धं-अर्धं करा. एकात फडकं खळबळायचं, दुसऱ्यातून पुसायला घ्यायचं.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून वापरा असं तुमच्या जावेने सुचवलंय. त्यात फेस येतो तो दोघं एकमेकांना निकामी करतात म्हणून. नुसतं व्हिनेगर तर पुन्हा ॲसिडच.

पावसाळ्यात कोपऱ्यांत येणारी काळी बुरशी सोड्याने पुरती जात नाही. तिथे पाणी घालून सौम्य केलेलं ब्लीच दहा मिनिटं ठेवा, दार उघडं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. त्या दिवशी दुसरं कुठलंही क्लीनर बाहेर काढू नका. अंघोळीनंतर वायपरने पाणी ओढलं तर बुरशी मुळात कमीच धरते.

पांढऱ्या खरपुड्या असतील तर आधी पाणी कुठलं ते बघा. पालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांचं, त्यात क्षार कमी. बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी वापरात असेल तर थर त्याचा. तो फक्त चकचकीत सिरॅमिक लादीवरून काढायला पाण्यात विरघळवलेलं लिंबूफूल चालेल, पण सांधे आधी साध्या पाण्याने भिजवून घ्या आणि दोन-तीन मिनिटांत धुऊन टाका.

इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटऐवजी सांध्यात भरायचा राळेचा मसाला, श्रीमंतांचं, हे तुमचं म्हणणं सबंध घराच्या हिशोबाने बरोबर आहे. मी ते शेगडीमागची पट्टी आणि बाथरूमची जमीन एवढ्यापुरतंच सुचवते. ते पाणी आणि तेल शोषत नाही, म्हणून तिथे पैसे वसूल होतात.

आता तुमचा खरा प्रश्न: आहेत त्या सांध्यांचं काय करायचं? किल्लीच्या टोकाने सांधा हलकेच खरवडा. घट्ट लागला तर सोड्याने धुऊन, दोन दिवस पूर्ण वाळवून वर ग्राउट सीलर, म्हणजे सांध्यात पाणी मुरू न देणारा द्रव, लावा. रेती सुटली किंवा खाच दिसली, तर नव्याने भरून घ्यावे लागतील. अशा सांध्यांतून पाणी लादीखाली उतरत राहतं आणि खालचं वॉटरप्रूफिंग जुनं असेल तर खालच्या मजल्यावरून तक्रार येतेच. मिस्त्री जुन्यावरच व्हाइट सिमेंट फासून देतो म्हणाला तर ऐकू नका. तो पातळ पापुद्रा तडकतो आणि निघून येतो. जुना सांधा निम्म्याहून जास्त खोल खरवडून काढायला लावा, धूळ साफ करवा, मगच नवीन ग्राउट भरू द्या. त्यानंतर निदान चोवीस तास त्यावर पाणी नको. एकच बाथरूम असलेल्या घरात हीच सगळ्यात मोठी अडचण, म्हणून शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा आणि काम पावसाळा संपल्यावर काढा.