एक बाटली, अडीचशे रुपये

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सव्वासातला फोटो आला. गच्चीत माझी जुनी साडी अंथरलेली, त्यावर टोमॅटोच्या चकत्या, आणि खाली मजकूर, 'टेरेस ही कॉमन प्रॉपर्टी आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी', पुढे हात जोडलेली इमोजी. संबंधित म्हणजे मी. त्याच गच्चीत कबुतरं पिढ्यानपिढ्या संसार करतायत त्यांना कोणी कधी नोटीस दिली नाही, आणि शेजारच्या रिडेव्हलपमेंटची सिमेंटची धूळ रोज आमच्या डोक्यावर पडते तिचाही फोटो कोणी टाकला नाही. चकत्या मात्र उचलल्या, तशाही त्यावर धूळच बसली होती.

तर टोमॅटो. गॅलरीच्या ग्रिलमधल्या कुंड्यांमध्ये लावले होते, बुटकी जात, ही जात सगळं फळ एकदम देते, आणि दिलं. मुंबईत कुंडीतला टोमॅटो थंडीतच धरतो, म्हणजे नेमका जेव्हा खाली मुलुंडच्या मार्केटात भाजीवाला दहा-पंधरा रुपये किलोने ओरडत असतो तेव्हा. जुलैत, जेव्हा भाव चढतात (२०२३ चा जुलै आठवा, दीडशेच्या वर गेला होता किलो, लोक आमटीत कोकम घालून दिवस काढत होते), तेव्हा कुंडीत पाणी साचून झाड कुजतं. निसर्गाला हिशोब कळत नाही. हिशोब आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना कळतो.

काका बँकेतून रिटायर. दार उघडं दिसलं की आत येतात, हे त्यांचं ओपनिंग बॅलन्स. मी टोमॅटोच्या बुडाला फुलीसारखी चीर देऊन उकळत्या पाण्यातून काढून गार पाण्यात टाकत होते, म्हणजे साल सुटते, आणि गर पुरणयंत्रातून फिरवत होते, बिया वर राहतात. ओटा, टाइल्स, माझा गाऊन, सगळं लाल. काका स्टूल ओढून बसले.

"काय गं, हे काय चाललंय?"

"प्युरी करतेय काका. टिकवायला."

"बाजारात दहा रुपये किलो आहे."

"माहितीये."

"मग?"

या 'मग'ला जगात उत्तर नाही. मी कढई ढवळत राहिले. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असतं, त्यामुळे भरलेली कढई बघता बघता बुडाशी जाते, आणि काका ते बघतच होते.

"पेन दे बघू," ते म्हणाले. आणि गॅसच्या बिलामागे लिहायला लागले. कुंड्या ९००. कोकोपीट, गांडूळखत ६५०. बिया ८०. नीमतेल १८०. काठ्या, सुतळी ९०. गॅस १०० धर. एकूण दोन हजार. बाटल्या आठ. "अडीचशे रुपयाला एक बाटली पडली तुला!" असं त्यांनी ज्या आनंदाने सांगितलं तसा आनंद त्यांना नातू झाला तेव्हाही झाला नव्हता.

म्हटलं, काका, कुंड्या पुढच्या वर्षीही वापरणार आहे.

"बरं, मग घसारा धरू. दहा टक्के." परत खाडाखोड. "पण तुझी मजुरी धरली नाहीये हं यात."

"नका धरू."

"का? फुकट आहेस का तू?"

इथे मला हसावं की रडावं कळेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, या घरात माझ्या मजुरीचा कॉलम आखणारा हा पहिला माणूस, आणि आखला कशासाठी तर माझी प्युरी किती महाग आहे हे सिद्ध करायला. तेवढ्यात हॉलमधून आवाज आला, "चहा होतोय का गं?" तो कुठल्या कॉलममध्ये टाकायचा ते काकांनी नाही विचारलं. तसं बघायला गेलं तर हे घरापुरतं नाहीच. नारायणगावच्या बाजारात भाव पडला की तोडणीची मजुरीही सुटत नाही म्हणून शेतकरी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओततो, आपण बातमीत ते लाल डबकं बघतो, अरेरे म्हणतो, आणि संध्याकाळी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. काकासुद्धा. मीसुद्धा, खोटं कशाला बोला.

मग मी बाटलीत लिंबाचा रस मोजून घालायला लागले तर त्यावरही आक्षेप. "हे कशाला? आंबटात आंबट?" सांगितलं त्यांना, की टोमॅटो वाटतो तेवढा आंबट नसतो, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा वाढला की आंबटपणा कमी) ४.६ च्या वर गेला तर बंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, म्हणून अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा रस, तोही बाटलीतला, कारण ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो, आणि वर बाटल्या पाण्यात उकळायच्या.

"आमची आई लोणची घालायची, तिने कधी पीएच बघितला नाही."

"लोणच्यात मीठ किती असतं काका."

"कोणी मेलं नाही."

यावर काय बोलणार. मेलेले तक्रार करायला येत नाहीत.

उठताना काका म्हणाले, "एक दे बघू, टेस्ट करून सांगतो." मी म्हटलं, "अडीचशे." ते खूप हसले, टाळी मागितली, आणि बाटली घेऊन गेले. मी हसत नव्हते हे त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं.

काल बाटली परत आली. विसळलेली नाही, तळाला लाल थर, आणि झाकण नाही. आता ज्याने बाटल्या भरल्यात त्याला माहितीये, बाटली कुठेही मिळते, त्या मापाचं घट्ट बसणारं झाकण मिळत नाही. सोबत निरोप, "जरा आंबट होती, पुढच्या वेळी साखर घाल." मी खाली जाऊन झाकण मागितलं. काकू ओशाळल्या. झाकण त्यांच्या मेतकुटाच्या बरणीला अगदी फिट बसलंय म्हणे, आता काढू कसं.