सव्वाअकरा वजा सहा

विमानाचे तिकीट ही खासगी वस्तू आहे, असे मी परवापर्यंत समजत होतो. धरमपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात दिल्ली-टोकियो तिकिटाची प्रिंट घेत असताना, बगलेत सातबाऱ्याची फाइल धरलेल्या एका गृहस्थांनी ती माझ्या खांद्यावरून वाचली, मग हातातून काढून घेतली आणि खिशातले बॉलपेन काढून तिच्यावरच हिशेब मांडला. जाताना रात्री 8 ते सकाळी 7.15, येताना सकाळी 11 ते संध्याकाळी 5.

"भाऊ, तुम्हाले गंडवलं न! जाताना सव्वाअकरा तास अन् येताना सहा?"

"काकाजी, जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. खरे पाहता जाताना पावणेआठ तास लागतात आणि येताना साडेनऊ."

"म्हणजे येताना जास्त?"

"हो."

"अन् कागदावर कमी?"

"हो."

त्यांनी दुकानदाराकडे सूचक पाहिले. दुकानदार यंत्राचे झाकण उघडेच टाकून काउंटरवर रेलला.

"घड्याळ राहू द्या बाजूले. रस्ता तोच न? मंग वरचे पावणेदोन तास कुठं गेले? चहाले थांबते का विमान?"

दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा प्रचंड झोत वाहतो, हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग कधी ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे जातो, आणि तोच जाताना विमानाला ढकलतो व येताना अडवतो, हे मी सांगितले. "इथं तं पान हालून नाही राहिलं," असे म्हणून त्यांनी रस्त्यावरच्या कडुनिंबाकडे बोट दाखवले. हा झोत 1920 च्या दशकात फुगे सोडून मोजणारे जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी मला त्या क्षणी फार जवळचे वाटले. जगाला कळावे म्हणून त्यांनी 1926 मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो या साऱ्या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत काढला आणि बाहेरच्या जगाने तो फारसा वाचलाच नाही. मी तर मराठीत बोलत होतो.

वास्तविक चीड यायची तर ती दुसऱ्याच हिशेबाची यावी. नागपूरहून टोकियो सरळ रेषेत सुमारे 6,050 किलोमीटर आहे. पण थेट विमान नसल्यामुळे आधी साडेआठशे किलोमीटर उत्तरेला दिल्ली गाठायची आणि तिथून आणखी 5,850 किलोमीटर उडायचे, म्हणजे साडेसहाशे किलोमीटरचा भुर्दंड. देशाच्या मध्यावर राहतो म्हणून झिरो माइलच्या दगडाशेजारी फोटो काढायचे आणि पूर्वेला जायचे झाले की दिल्लीच्या विमानतळावर बॅग उशाला घेऊन बसायचे. विमानातले पावणेआठ तास त्यामानाने सुखाचे. हे मी बोलून दाखवले, तेव्हा दोघांपैकी एकालाही त्यात काही वावगे वाटले नाही. दिल्लीला जावेच लागते, म्हणाले.

गृहस्थ मात्र अजून सहाच्या आकड्यावरच होते. त्याच्याखाली दोन रेघा ओढून त्यांनी निकाल दिला: "असं करा भाऊ, जाताना बी येतानाचंच विमान पकडा. सहा तासांत पोचून जाल."

"बरोबर आहे काकाजींचं," दुकानदार म्हणाला. काकाजींना हा हिशेब घरी पोराला दाखवायचा होता, म्हणून त्याने माझ्या तिकिटाची आणखी एक प्रत काढून त्यांच्या हाती दिली आणि तिचे पैसे माझ्याकडून घेतले.