पोलादाचं नाव कळल्याशिवाय सुरीची किंमत कळत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ऑनलाइन सुऱ्या विकणाऱ्यांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर टीका केलीत. तिला दोन ओळींत ‘आभारी आहे’ म्हणून मोकळं होणं मला योग्य वाटलं नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

लेख न वाचलेल्यांसाठी तुमचे आक्षेप आधी सांगतो. मी तीन प्रकारच्या विक्रेत्यांकडे किंमत, निवड आणि ग्राहकसेवा या तीन गोष्टी पाहिल्या होत्या: सगळंच विकणारी मोठी संकेतस्थळं, ब्रँडची स्वतःची ऑनलाइन दुकानं, आणि फक्त स्वयंपाकाच्या सुऱ्या आणि धार लावायचे दगड विकणारी छोटी दुकानं. पहिला क्रमांक छोट्यांना दिला. तुमचं म्हणणं असं, की हा सरळ पक्षपात आहे. ‘तीच आठ इंची शेफ नाइफ मोठ्या ठिकाणी सातशेला मिळते आणि छोट्या दुकानात पाच हजारांना.’ मोठ्या ठिकाणी हजारो सुऱ्या आहेत, छोट्याकडे मोजून पाच-पन्नास. आणि ज्या दुकानाने धार तुटलेली सुरी बदलून दिली नाही, त्यालाच मी सेवेचे सर्वाधिक गुण दिले. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘आमच्या आजीने एका विळीवर संसार केला, सुरीत एवढं बघायचं काय?’

सगळा वाद ‘तीच’ या शब्दात आहे. सातशेची आणि पाच हजारांची सुरी ‘तीच’ नाही. दोन्ही आठ इंच लांब आहेत, दोन्हींवर ‘स्टेनलेस स्टील’ लिहिलंय, एवढंच त्यांच्यात सारखं. पोलादात साधारण साडेदहा टक्के किंवा त्याहून जास्त क्रोमियम असलं की ते स्टेनलेस. म्हणजे ओट्यावरचं सिंक स्टेनलेस, चमचा स्टेनलेस, सुरीही स्टेनलेस. पण ज्या ‘१८/८’ (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) पोलादाची भांडी होतात, ते तापवून विझवलं तरी कडक होत नाही. सुरीच्या पात्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून विझवून कडक करायचं, तर पोलादात पुरेसा कार्बन लागतो. युरोपीय स्वयंपाकघरी सुऱ्यांमध्ये सर्रास दिसणारं १.४११६ क्रमांकाचं पोलाद घ्या. त्यात कार्बन जेमतेम अर्धा टक्का असतो, आणि नीट पाणी दिलं की रॉकवेल मापावर ५५ ते ५८ कडकपणा मिळतो. जपानमधल्या ताकेफू कंपनीच्या व्हीजी-१० या पोलादात कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो, कडकपणा ६० वर जातो. पहिल्याची धार लवकर बोथट होते, पण पातं चिवट असल्याने चटकन तुटत नाही आणि घरच्या घरी पुन्हा धार लावता येते. दुसऱ्याची धार कितीतरी जास्त टिकते, मात्र ते ठिसूळ असतं. कांदे-बटाटे-कोथिंबीर एवढंच काम असेल तर दोन्ही चालतील, पण भोपळा-सुरण फोडणाऱ्या घरात मी व्हीजी-१० ची सुरी देणार नाही.

आता सातशेच्या सुरीचं पान पुन्हा उघडून बघा. ‘प्रीमियम हाय कार्बन जर्मन स्टील’ असं लिहिलेलं असेल. क्रमांक नाही, कडकपणा नाही. ही सुरी वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. ती काय आहे हेच मला कळत नाही, आणि जी वस्तू काय आहे हे कळत नाही, तिची किंमत दुसऱ्या वस्तूच्या किमतीशेजारी मांडून ‘स्वस्त’ म्हणता येत नाही. माझ्या लेखातली सगळी क्रमवारी या एका गोष्टीवर उभी होती. पोलादाचं नाव न सांगणाऱ्या विक्रेत्याने मला खरी किंमत सांगितलेलीच नाही, असं मी धरतो.

यावरून मला स्वस्त सुऱ्यांचं वावडं आहे असा अर्थ तुम्ही काढू नये. १८८४ पासून स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात चालत आलेल्या व्हिक्टोरिनॉक्सची प्लॅस्टिक मुठीची लहान सुरी काहीशे रुपयांत येते. तिचं पोलाद कोणतं, कडकपणा किती, हे कंपनी उघड सांगते. त्याच लेखात पहिल्यांदा सुरी घेणाऱ्यांना मी तीच सुचवली होती. ती मोठ्या संकेतस्थळावरून घेतली तरी माझी हरकत नाही. मात्र ‘विक्रेता’ म्हणून कुणाचं नाव आहे ते आधी बघा. एकाच पानावर दोन-तीन विक्रेते वेगवेगळ्या भावात बसलेले असतात, आणि नावाजलेल्या ब्रँडची नक्कल बहुधा सगळ्यात खालच्या भावाच्या आडोशाने येते.

किमतीबद्दल आणखी एक. ‘३,९९९ खोडून ६९९’ बघून तुम्ही ८२ टक्के सूट धरलीत. कमाल किरकोळ किंमत ठरवतो तो उत्पादक किंवा आयातदार. छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला कायद्याची बंदी आहे, पण मुळात ती फुगवून छापायला फारसं कुणी अडवत नाही. म्हणून सुरीच्या बाबतीत सवलतीचा आकडा मी वाचतच नाही. एकाच मॉडेल क्रमांकाची सुरी चार ठिकाणी शोधतो, डिलिव्हरीचा खर्च धरतो आणि मग भाव लावतो. असा भाव लावला की फरक बराच आक्रसतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना हे जास्त ठळक दिसेल. तिथे बऱ्याच नामांकित सुरी कंपन्या ‘किमान जाहिरात किंमत’ ठरवून देतात, म्हणजे त्याहून कमी भाव दुकानाने जाहिरातीत दाखवायचा नाही, त्यामुळे एकच सुरी पाच दुकानांत एकाच भावाने लागलेली दिसते. मग ग्राहक दुकान निवडतो ते पॅकिंग, माहिती आणि परतीचे नियम बघून.

निवडीच्या आक्षेपावर मी जरा कडक बोलणार आहे. हजारो सुऱ्या दिसतात हे खरं, पण त्यांची छायाचित्रं शेजारी-शेजारी ठेवून बघा. तीच मूठ, तेच रेघारेघांचं पातं, फक्त कोरलेलं नाव वेगळं. ‘दमास्कस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक स्वस्त सुऱ्यांवर ती लाटांची नक्षी लेझरने वर उमटवलेली असते. थरांवर थर घडवून केलेल्या पात्यात ती नक्षी धातूच्या आतूनच आलेली असते, घासून जात नाही. ही फसगत टाळायला विक्रेत्याला एकच विचारा: मधला, धारेचा थर कोणत्या पोलादाचा? ज्याला हे माहीत नाही, त्याच्याकडची हजारो सुऱ्यांची निवड मला काही कामाची नाही. छोट्या दुकानाच्या पाच-पन्नास सुऱ्यांपैकी प्रत्येकीचं वजन, पाठीची जाडी, पोलाद, धारेचा कोन आणि ‘याने काय कापू नये’ हे लिहिलेलं होतं. डावखुऱ्यांसाठी वेगळा शोध होता. माझी बहीण डावखुरी आहे. एका बाजूने धार असलेली जपानी सुरी तिच्या हातात उलटी चालते, हे मोठ्या संकेतस्थळाच्या शोधाच्या गाळणीला (फिल्टरला) ठाऊकच नाही.

छोट्यांच्या उणिवाही मी लेखात लिहिल्या होत्या, त्या तुमच्या नजरेतून सुटल्या असाव्यात. माल वरचेवर संपलेला असतो. पावाची दातेरी सुरी हवी तर मिळेलच असं नाही. वस्तू घरी आल्यावर पैसे देण्याची सोय बहुतेकांकडे नाही, आणि तालुक्याच्या गावी परत पाठवायचं म्हटलं की पार्सल तुम्हालाच कुरिअरच्या कचेरीत न्यावं लागतं. तुम्ही गावाकडून लिहिताय म्हणून सांगतो, या बाबतीत मोठी संकेतस्थळं निर्विवाद पुढे आहेत.

आता त्या तुटलेल्या सुरीचं. ती माझ्या मेहुणीची होती, व्हीजी-१० ची. लोणच्यासाठी तिने कैऱ्या बाठीसकट त्या सुरीने फोडल्या आणि धारेचा टवका उडाला. बाठीसाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कैरीचा जाड अडकित्ता आहे, तो उगाच नाही. दुकानदाराने फोटो मागवला, काय कापलं ते विचारलं, आणि स्पष्ट लिहिलं की हा घडणीतला दोष नाही, बदलून मिळणार नाही. हाडं, बाठ आणि गोठलेलं मांस या सुरीने कापू नये, हे विक्रीच्या पानावर आधीपासून होतं. मग त्यानेच सुचवलं: कुरिअरचा खर्च तुम्ही करा, टवका घासून काढून नवी धार मी लावून देतो. सुरी परत आली ती किंचित अरुंद होऊन, पण कामाला अगदी चोख.

तुम्ही म्हणता ही सेवा नव्हे, कारण नवी सुरी दिली नाही. माझ्या मते हीच सेवा. त्याने विकताना खरं सांगितलं, तक्रार आल्यावरही खरं सांगितलं, आणि सुरी कचऱ्यात जाऊ दिली नाही. मोठ्या संकेतस्थळांपैकी एकाचा अनुभवही मी दिला होता. मूठ हललेली सुरी त्यांनी एक प्रश्न न विचारता बदलून दिली, त्याचे गुणही मी दिले. पण बदलून आलेल्या सुरीचं पोलाद कोणतं, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘कृपया वर्णन पाहा.’ वर्णनात ते नव्हतंच.

आणि हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा नाही, त्यामागे कायदा आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. संकेतस्थळाने विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवायला हवा. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण, हीही त्याच नियमांतली अट आहे. नाहीच दाद लागली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण हे सगळं बळ येतं ते ‘सांगितलेले गुण’ या शब्दांतून. पानावर ‘व्हीजी-१०, कडकपणा ६०’ असं लिहिलं असेल तर तुमच्या हातात काहीतरी आहे. ‘प्रीमियम जर्मन स्टील’ एवढंच असेल तर तुम्ही कुठल्या गुणावर बोट ठेवणार?

जाता जाता, प्रतिक्रियेत तुम्ही दहा इंची सुरी मागवणं बेकायदा तर नाही ना, अशी शंका घेतली होती. शस्त्र नियमांतली नऊ इंचांची मर्यादा शस्त्रांना आहे. घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. भाजीची सुरी निर्धास्त मागवा. विमानात फक्त हातातल्या सामानात ठेवू नका.

राहिली आजीची विळी. तुमच्या आजीने विक्रेत्यांची तुलना केली नाही, कारण तिला करावी लागली नाही. विळीचं पातं लोहाराने घडवलेलं होतं आणि तो लोहार आठवडी बाजारात समोर बसलेला होता. पाणी कमी पडलं, धार लवकर गेली, तर पुढच्या बाजारात ती पातं त्याच्यापुढे ठेवू शकत होती. ते साधं कार्बनचं पोलाद गंजत होतं, पण दगडावर चार हात फिरवले की परत लागायचं. खोबऱ्याला कुठली विळी, मासळीला कुठली, हेही तिला नेमकं माहीत होतं. म्हणजे पोलाद, काम, दुरुस्ती आणि विकणारा माणूस, चारही गोष्टी तिच्या ओळखीच्या होत्या. मी ऑनलाइन विक्रेत्याकडे याच चार गोष्टी शोधतो, आणि सध्या त्या मला छोट्या दुकानांत जास्त सापडतात. उद्या एखाद्या मोठ्या संकेतस्थळाने प्रत्येक सुरीच्या पानावर पोलादाचा क्रमांक आणि कडकपणा सक्तीने लिहायला लावला, तर मी क्रमवारी त्याच दिवशी बदलेन.

दुरुस्तीबद्दल एवढं सांगायचं राहिलं. सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे साधी सुरी खुशाल द्या, पण महागडी कडक सुरी देऊ नका. कोरड्या फिरत्या चाकावर पातळ धार झटकन तापते, आणि पातं निळसर पडलं की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं म्हणून समजा. मग कितीही घासा, धार टिकत नाही. हजार ग्रिटचा (मध्यम खरखरीत) एक पाण्याचा, म्हणजे भिजवून वापरायचा, धारेचा दगड घरी असू द्या. सुरीच्या किमतीत तोही धरा, म्हणजे खरा खर्च समजेल.

तुमचं बजेट हजाराच्या आत आहे असं तुम्ही लिहिलंय. मग मी वर सांगितलेली व्हिक्टोरिनॉक्सची लहान सुरी घ्या, आणि भोपळा-सुरणासाठी तुमची विळी आहेच. तरीही ती सातशेची शेफ नाइफच घ्यायची असेल तर मागवण्याआधी त्या विक्रेत्याला एक ओळ लिहा: ‘पोलादाचा क्रमांक आणि रॉकवेल कडकपणा कळवा.’ उत्तर आलं तर त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मलाही इथे कळवा. ते उत्तर आणि त्या सुरीची लिंक मी लेखातल्या तक्त्यात जोडतो.