प्रीती, पार्ट नंबर 26

आमच्या चर्चमध्ये एक सागवानी कपाट आहे. त्यातली पुस्तके गेली कित्येक वर्षे कोणी वाचली नव्हती. गेल्या पावसाळ्यात ती वाळवीने वाचायला घेतली. वाळवीसारखा पद्धतशीर वाचक नाही, एक पान गाळत नाही. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, म्हणजे 'उत्पत्ती'पासून सुरुवात करून ती पाचव्या, म्हणजे 'अनुवादा'च्या 28व्या अध्यायापर्यंत पोचली होती. आज्ञा न पाळणारे द्राक्षमळे लावतील पण द्राक्षे कीड खाईल, असे लिहिलेला तो अध्याय. चर्चचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पंचांपैकी एकांची पिंपळगावला द्राक्षबाग आहे. ते ते पान हातात धरून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "हे सगळं कॉम्प्युटरवर घ्या. ताबडतोब."

पंचांच्या सभेत ठराव झाला. बायबल स्टडीसाठी जुन्या ख्रिस्ती ग्रंथांचे डिजिटल ग्रंथालय करायचे. करायचे कोणी, यावर शांतता पसरली. आमच्याकडे इतकी शांतता फक्त वर्गणीचा विषय निघाल्यावर होते. शेवटी आमचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, माझ्याकडे वळले. "तुम्ही अंबडच्या कारखान्यात स्टोअर सांभाळता ना? मग हे काय, तसंच."

तसंच! बेअरिंग आणि संत ऑगस्टीन यांच्यात काही फरक असतो, हे त्या क्षणी सुचले नाही.

आमच्यात 'मंडळी' म्हणजे चर्चचे सभासद. बाकीच्या महाराष्ट्रात मंडळी म्हणजे बायको. पहिल्या मंडळीने ठराव केला होता, दुसरीने विचारले, "पगार किती देणार आहेत?"

सुरुवात मात्र झकास झाली. इंग्रजी पुस्तके इंटरनेटवर नुसती पडून आहेत. इंटरनेट अर्काइव्ह, गुटेनबर्ग, ख्रिश्चन क्लासिक्स इथीरियल लायब्ररी... सगळीकडे फुकट. फुकट म्हटल्यावर नाशिककराचा हात थांबत नाही. आमचे वायफाय ना. वा. टिळकांच्या कवितेतल्या त्या घायाळ पक्षिणीसारखे पडत-उठत होते, पण मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उतरवून घेत होतो. स्पर्जनची प्रवचने, कॅल्विन, केम्पिस, मॅथ्यू हेन्रीच्या बायबलवरच्या भाष्याचे सहा खंड. बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'मधला तो प्रसिद्ध यात्रेकरू तर माझ्याकडे सात वेळा आला. बन्यनने 1678 साली छापलेले हे पुस्तक मुळात तुरुंगात लिहायला घेतले होते. हरी केशवजींनी 1841 साली 'यात्रिकक्रमण' नावाने ते मराठीत आणले. यात्रेकरू पाठीवर पापाचे ओझे घेऊन निघतो आणि वाटेत ते गळून पडते. माझे ओझे एक टेराबाइटचे झाले होते आणि ते गळून पडू नये म्हणून मी त्याची आणखी एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवली होती.

मग मला स्ट्राँग भेटला.

जेम्स स्ट्राँग या अमेरिकन प्राध्यापकाने 1890 साली बायबलची शब्दसूची छापली. मूळ भाषेतल्या प्रत्येक शब्दाला त्याने नंबर दिला. हिब्रूचे 8674, ग्रीकचे 5624. म्हणजे स्टोअरमध्ये मालाच्या प्रत्येक कप्प्याला लावतात तसे बिन कार्ड या गृहस्थाने अख्ख्या पवित्र शास्त्राचे बनवले होते! विश्वास 4102. कृपा 5485. प्रीती, म्हणजे ती करिंथकरांच्या पत्रातली 'अगापे', तिचा नंबर 26. पंचवीस वर्षे मी 6204 बेअरिंग आणि एम-12 बोल्ट यांच्यात काढली. देवाच्या वचनालाही पार्ट नंबर असतो, हे कळल्यावर डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात एका पोराने स्लिप न देता माल मागितला. मी त्याला म्हणालो, "4102 वर चालणार नाही, स्लिप आण." त्याने सुपरवायझरला जाऊन सांगितले की साहेबांना बरे वाटत नाहीये.

खरा घोळ फोल्डरांनी घातला. मी भाच्याला बसवले होते. मुलगा इंजिनीअर, पण संडेस्कूलला दांड्या मारलेला. त्याने फाइलींच्या नावांवरून आपोआप वर्गवारी करणारी काहीतरी युक्ती लावली. संगणकाने मन लावून काम केले. 'अनुवाद' हे मोशेचे पाचवे पुस्तक भाषांतरित पुस्तकांत गेले. 'गणना' माझ्या घरखर्चाच्या फाइलींत जाऊन बसली. 'इतिहास' पहिला आणि दुसरा, पेशवाईच्या शेजारी. 'राजे' आणखी एका फोल्डरात, जिथे भाच्याने गडकिल्ल्यांचे फोटो ठेवले होते. सुलेमान रायगडावर पाहून मला इतके वाईट वाटले नाही, पण 'स्तोत्रसंहिता' कायद्याच्या पुस्तकांत गेली तेव्हा मी संगणक बंद केला.

आता मराठी पुस्तके. ती कुठे फुकट पडलेली नसतात. ती कुणाच्या तरी माळ्यावर, गोधड्यांच्या खाली असतात. मी घरोघर फिरलो. नाशिकमधले आमचे शरणपूर मिशनने वसवलेले. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुले एकोणिसाव्या शतकात इथे शिकली. त्यातला जेकब वेनराइट 1873 साली आफ्रिकेत फिरणारे संशोधक लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्यांचा देह हजार मैलांहून जास्त चालत किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता, आणि वाटेत रोजनिशीही लिहीत होता. त्याच शरणपुरात मला एका घरातून जवळच्याच कॅनडा कॉर्नरपर्यंत पुस्तक न्यायला तीन आठवडे लागले. कारण प्रत्येक घरी, "बसा, आधी चहा घ्या, पुस्तक कुठे पळून जातंय?"

स्कॅनिंगचे यंत्र मी घरीच उभे केले. मोरावळ्याच्या दोन बरण्या, त्यांवर काच, काचेवर मोबाईल, खाली पुस्तक. जुन्या बांधणीचे पुस्तक पूर्ण उघडले की कण्यातून खारी बिस्कीट मोडल्यासारखा आवाज येतो. म्हणून ते अर्धेच उघडायचे आणि डाव्या अंगठ्याने पान धरायचे. परिणामी आमच्या ग्रंथालयात 312 पानांवर माझा अंगठा आहे. प्रतिमेतली अक्षरे ओळखून मजकूर करणाऱ्या ओसीआरने तो अंगठाही वाचला. त्याच्या मते तिथे 'ठठ' असे लिहिले आहे.

या ओसीआरबद्दल किती बोलावे! जुन्या छपाईत 'ख' हा 'रव'सारखा दिसतो, म्हणून सगळे खरे 'रवरे' झाले. 'ध' आणि 'घ' त्याला सारखेच. मत्तयाच्या 5व्या अध्यायात 'धन्य' नऊ वेळा येते. नऊच्या नऊ वेळा 'घन्य'. एकदा चुकून तरी बरोबर यावे ना! 'भ'चा 'म' झाल्यामुळे परमेश्वर संकटातल्या माणसाला धीर देतो ते वचन माझ्या पडद्यावर "मिऊ नको" असे आले. आत्याने चष्मा लावून वाचले आणि विचारले, "हे मांजरीला सांगितलंय का रे?"

त्यात अनुस्वार. आजोबांच्या काळी 'त्यानें', 'तें', 'कां' असे लिहीत. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि पोरे सुटली. पण संगणकाला 'तें' आणि 'ते' हे सख्खे भाऊ आहेत हे पटत नाही. 'त्याने' शोधले की जुन्या पुस्तकात प्रभूने काहीच केलेले सापडत नाही. भाच्याने शोधताना टिंबे दुर्लक्षित करायची सोय केली, तर वेगळेच निघाले. वाळवीने पाडलेली भोकेही ओसीआरने अनुस्वार म्हणून घेतली होती. एका पानावर तर वाळवी व्याकरणदृष्ट्या बिनचूक होती.

कॉपीराइटचे प्रकरण मी स्वतःच्या अंगावर घेतले, कारण पंचांपैकी कोणालाही तुरुंगातून पुस्तक लिहायची हौस नव्हती. कायदा 1957 चा. लेखक ज्या वर्षी जातो त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे मोजायची. या हिशेबाने सी. एस. लुईस आणि टोझर हे ख्रिस्ती लेखक, दोघेही 1963 साली गेलेले, आपल्याकडे 2024 च्या जानेवारीपासून मोकळे. हे गणित हळूहळू माणसाला बिघडवते. एखाद्या भल्या लेखकाचे चरित्र वाचताना मी आधी शेवटचे पान बघतो. 1971 साली गेलेला असेल तर उगाच राग येतो, की दहा वर्षे आधी काय हरकत होती. हे ख्रिस्ती विचार नव्हेत, कबूल आहे.

शिवाय भाषांतरकाराचा हक्क वेगळा. मूळ लेखक तीनशे वर्षांपूर्वी देवाघरी गेला तरी भाषांतरकार गंगापूर रोडला दुसऱ्या मजल्यावर राहत असू शकतो. अशा एका वृद्ध गृहस्थांकडे मी परवानगी मागायला गेलो. प्रेमाने बसवले, चिवडा दिला. मी विषय काढायचा म्हणून विचारले, "आपलं वय काय असेल?" ते म्हणाले, "एक्याऐंशी. का?" मी म्हणालो, "नाही, साठ वर्षं मोजायची असतात." त्यानंतर चहा आला नाही.

मराठीतला एक ठेवा मात्र केव्हाच मोकळा झालेला. लक्ष्मीबाई टिळक जवळच्याच जलालपूरच्या, 1936 साली नाशिकातच गेल्या. 'स्मृतिचित्रे' स्कॅन करायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण पान काचेखाली ठेवायच्या आधी मी ते वाचत होतो आणि हसत होतो. साऱ्या ग्रंथालयातले मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेले पुस्तक हे एकच. बाकीच्यांचे मी फक्त नाव बदलले आहे. त्यांच्या पतीचे, म्हणजे ना. वा. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, हे मी बायकोला कौतुकाने सांगितले. ती तेव्हा माझ्या चारशे फाइलींची नावे नीट करत बसली होती. म्हणाली, "नवऱ्यांनी काढायचं आणि बायकांनी पुरं करायचं, ही पद्धत जुनीच आहे म्हणा की." मी तिला मॅथ्यू हेन्रीचे उदाहरण दिले. तोही बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकापर्यंत भाष्य आणून 1714 साली वारला आणि उरलेले त्याच्या मित्रांनी पूर्ण केले. "मग बोलवा तुमच्या मित्रांना," ती म्हणाली.

मित्रांपैकी गुरुजी आले, पण मागणी घेऊन. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' हवे, तेही 1616 ची मूळ आवृत्ती. मी सांगितले, गुरुजी, ते तेव्हा रोमन लिपीत छापले होते आणि त्या आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही. गुरुजी म्हणाले, "नीट शोधलंस का? माळ्यावर बघ."

नाताळाआधीच्या गुरुवारी आमच्या घरी उद्घाटन ठेवले. टीव्हीला लॅपटॉप जोडला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मी 1400 पुस्तके, शोधण्याची सोय, स्ट्राँगचे नंबर, सगळे दाखवले. मंडळी माना डोलावत होती, दोघे झोपले होते. शेवटी नमुना म्हणून एका जुन्या पवित्र शास्त्राचे स्कॅन उघडले आणि घाईत पहिल्याऐवजी शेवटचे पान आले. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला शाईने लिहिलेले जन्म, बाप्तिस्मे, लग्ने, दुधाचा हिशेब. आणि खाली: "मे 1938. यांस रु. 4 उसने दिले. नाताळात देतो म्हणाले." वर नाव, आडनावासकट.

झोपलेले दोघे जागे झाले. कारण ते आडनाव त्यांच्यातल्या एकाचे होते.

"हे माझे आजोबा," तो म्हणाला.

"आणि लिहिणारे माझे," द्राक्षबागवाले पंच म्हणाले. "कुठला नाताळ म्हणाले होते, काही कल्पना?"

त्यानंतर दीड तास जे झाले, तसे बायबल स्टडी आमच्या मंडळीत कधी झालेले नाही. गुरुजींनी आवाज चढवून सांगितले की दर सातव्या वर्षी कर्ज माफ करायचे असते. म्हणजे 1938 पासून ते बारा वेळा माफ झालेले आहे. पंचांनी आधार मागितला. आत्या म्हणाली, "अनुवाद, 15वा अध्याय." सगळे माझ्याकडे बघू लागले. मी शोधायच्या चौकटीत 'अनुवाद' टाइप केले. 212 भाषांतरे आली.

बायकोने ते कुठे ठेवले होते ते तिलाच माहीत. तिने काढून दिले. पंचांनी चष्मा लावून तिसरे वचन मोठ्याने वाचले, की परक्याकडून मात्र वसूल करता येते. "यांचं घराणं नगरचं," ते म्हणाले, "आम्ही नाशिकचे."

"अरे, व्याज तरी मागू नका," आत्या म्हणाली. "तेही लिहिलंय त्यात, 23व्यात."

पाळकसाहेबांनी मध्यस्थी म्हणून समारोपाची प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. त्या शांततेत पंचांच्या खिशातला मोबाईल खणखणीत आवाजात बोलला, "चार रुपये प्राप्त झाले."

"आमेन," गुरुजी म्हणाले. पाळकसाहेबांची प्रार्थना अजून अर्ध्यावर होती.