संक्षेपात स्पष्ट करा

ज्या वयात माणसे चष्म्याचा नंबर आणि निवृत्तिवेतनाचे आकडे यांत लक्ष घालतात, त्या वयात नोकरी सांभाळून मी ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाच्या अर्धवेळ अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तेव्हा सर्वांनी माझ्या श्रद्धेचे कौतुक केले. माझ्या झोपेची चौकशी मात्र कोणीही केली नाही. अर्धवेळ अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला वेळ अर्धा मिळतो आणि ग्रंथ पूर्ण वाचावे लागतात, ही गोष्ट माहितीपत्रकात कोठेही छापलेली नसते.

वर्ग संध्याकाळी उशिरा भरतात. रात्रीच्या वर्गाला येणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांचा मूळपुरुष, माझ्या मते, निकदेम हाच होय. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात तो रात्रीच्या वेळी येशूकडे येतो, म्हातारा झालेला मनुष्य पुन्हा कसा जन्मेल असा अत्यंत व्यवहार्य प्रश्न विचारतो, आणि इस्राएलाचा गुरू असूनही तुला एवढे समजत नाही काय, असे ऐकून घेतो. त्यानंतर त्या अध्यायात तो एक अक्षरही बोलत नाही. दिवसभर कार्यालयात दहा जणांना सूचना देऊन रात्री मागच्या बाकावर बसणाऱ्या कोणालाही हे मौन चांगले ओळखीचे असते.

निकदेम निदान जागा तरी होता. माझे अधिक जवळचे नाते युतुखाशी आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौल त्रोवस येथे माडीवरच्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत बोलत राहतो, खिडकीत बसलेल्या या तरुणाला गाढ झोप लागते, आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडून मरतो. पौल खाली येऊन त्याला कवटाळतो, याच्यात जीव आहे असे सांगतो. आणि मग, या ठिकाणी प्रत्येक विद्यार्थ्याने श्वास रोखावा, पुन्हा वर जाऊन पहाटेपर्यंत बोलतो. ज्या वक्त्याला श्रोता मरून पडल्यानंतरही भाषण आवरते घ्यावेसे वाटले नाही, त्याच्या पत्रांवर आम्हांला एक अख्खा विषय आहे. आमचा वर्ग तळमजल्यावर भरवला जातो; संस्थाचालकांनी हा अध्याय लक्षपूर्वक वाचला असावा.

बायबलच्या नव्या करारासाठी ग्रीक भाषा सक्तीची आहे. शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकलेल्या माणसाला विभक्तींचे भय नसावे, असे जे लोक सांगतात ते ग्रीक शिकलेले नसतात. या भाषेत नुसत्या उपपदाचीच तीन लिंगे, चार विभक्ती आणि दोन वचने मिळून 24 रूपे होतात, आणि त्यांतील काही रूपे परीक्षार्थींना गोंधळात पाडण्याच्या उघड हेतूने सारखीच ठेवलेली आहेत. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की नवा करार लिहिला जाईपर्यंत ग्रीकमधील द्विवचन वापरातून गेले होते; ते नाहीसे करणाऱ्या त्या अनाम पिढ्यांविषयी मला जी कृतज्ञता वाटते, ती कित्येक संतांविषयीही वाटत नाही. बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोम यांनी हिब्रू शिकताना आपण किती वेळा निराश झालो, किती वेळा शिकणे सोडून दिले आणि पुन्हा नव्याने आरंभ केला, हे एका पत्रात लिहून ठेवले आहे. हे वाचून मला धीर आला असता. परंतु त्या काळात ते वाळवंटात राहत होते, आणि वाळवंटात रात्री ओटा आवरावा लागत नाही.

तरीही ग्रीक ही काही खरी परीक्षा नव्हे. खरी परीक्षा घरी, जेवताना होते, आणि ती "मग आज काय शिकलीस?" या प्रेमळ प्रश्नाने सुरू होते. माझा नवरा हिशेबतपासनीस आहे. कोणतीही गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते, आणि जी येत नाही तिच्यात काहीतरी लपवलेले असते, अशी त्याची व्यावसायिक श्रद्धा आहे. त्या आठवड्यात आमच्या वर्गात त्रैक्याचा सिद्धान्त चालू होता : देव एकच, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्ती.

"त्यात अवघड काय आहे?" नवरा म्हणाला. "मी तुझा नवरा, याचा बाप आणि आईचा मुलगा. माणूस एक, नाती तीन."

हेच मत तिसऱ्या शतकात साबेलियस याच्या नावावर जमा झाले आणि मंडळीने, म्हणजे चर्चने, ते नाकारले, असे मला नाइलाजाने सांगावे लागले. एकच व्यक्ती तीन भूमिका वठवते असे मानले, तर यार्देन नदीवर येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून झालेली 'हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे' ही वाणी म्हणजे त्याने स्वतःच स्वतःविषयी व्यक्त केलेला संतोष ठरतो. नवऱ्याने ही हरकत मान्य केली आणि तत्काळ दुरुस्ती सुचवली : भागीदार तीन, पेढी एक. या मार्गाने तीन देव होतात. तसे ते होत नाहीत हे समजावण्यासाठी निसाचे बिशप ग्रेगरी यांना चौथ्या शतकात एक स्वतंत्र लेख लिहावा लागला होता, हेही मी सांगितले. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, पण मुलगा बापाच्या नंतरच येणार ना? म्हणजे आधी कधीतरी तो नसणारच." मुलगा दहावीत आहे. कोणतेही पुस्तक न उघडता तो आरियस नावाच्या धर्मगुरूच्या निष्कर्षाला स्वतंत्रपणे पोहोचला होता, आणि त्या निष्कर्षाचा निषेध करण्यासाठी इसवी सन 325 मध्ये निकाया येथे भरलेल्या परिषदेला स्वतः सम्राट कॉन्स्टंटाइन हजर राहिला होता. गणितात हीच तडफ दाखवली असती, तर त्याच्या शिकवणीचे पैसे वाचले असते.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी त्रैक्य बाजूला ठेवले आणि थेट ख्रिस्ताच्या स्वरूपाला हात घातला. "शरीर माणसाचे आणि आत मन देवाचे. एवढे साधे आहे, तुम्ही उगाच फाटे फोडता." लावदिकियाचा बिशप अपोलिनारियस याचे म्हणणे बव्हंशी हेच होते, आणि 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्याचा धिक्कार केला, कारण ज्याला मानवी मन नाही, त्याने पूर्ण मानवाचे तारण कसे करावे, असा प्रश्न उभा राहिला होता. अशा रीतीने ताटे उचलण्यापूर्वीच आमचे संपूर्ण कुटुंब मंडळीतून बहिष्कृत झाले होते. त्याचे दुःख कोणालाही झालेले दिसले नाही. उलट सासूबाईंना आपले मत एका बिशपचेही होते याचा आनंद झाला, आणि तो बिशप चुकला होता हा तपशील त्यांनी गौण मानला.

निसाच्या ग्रेगरी यांनीच कॉन्स्टँटिनोपलमधील एका प्रवचनात तक्रार केली आहे की, या शहरात सुटे पैसे मागावेत तर समोरचा जन्य (जन्मलेला) आणि अजन्य (न जन्मलेला) यांवर तत्त्वज्ञान सांगू लागतो, पावाचा भाव विचारावा तर पिता थोर आणि पुत्र त्याच्या अधीन असे उत्तर येते, आणि स्नानाची तयारी झाली का म्हणावे तर पुत्र शून्यातून निर्माण झाला असे ऐकावे लागते. हे वाचून मला त्या शहराचा हेवा वाटला. आमच्याकडे परिस्थिती नेमकी उलटी आहे : मी जन्य आणि अजन्य यांविषयी बोलू लागले, की समोरचा विजेचे बिल भरले का, असे विचारतो.

अखेरीस मी 451 च्या खल्केदोन परिषदेची व्याख्या घरी वाचून दाखवली. तिच्यात ख्रिस्ताचे ईश्वरी आणि मानवी असे दोन स्वभाव एकत्र कसे आहेत हे सांगितले आहे, म्हणजे कसे नाहीत हे चार वेळा सांगितले आहे : मिसळलेले नाहीत, बदललेले नाहीत, विभागलेले नाहीत, वेगळे केलेले नाहीत. नवरा म्हणाला, "काय नाही, एवढेच कोणी लेखी दिले, तर मी तो कागद परत पाठवतो." त्याच्या कार्यालयात ते योग्यच असेल. परंतु मला, प्रामाणिकपणे सांगायचे तर, हे चार नकार फार आवडतात. ज्या विषयावर इतक्या विद्वानांनी इतक्या खात्रीने इतके काही सांगितले होते, त्या विषयाला कुंपण घालून आतली जागा मोकळी सोडण्याइतका विवेक शेकडो बिशपांनी एकत्र बसून दाखवला. बैठकांचा माझा अनुभव पाहता हा मला चमत्कारच वाटतो.

याहूनही मोकळेपणा संत ऑगस्टीन यांच्याकडे आहे. त्रैक्यावरील ग्रंथात ते म्हणतात की, आपण 'तीन व्यक्ती' म्हणतो ते त्यामुळे ती गोष्ट सांगून होते म्हणून नव्हे, तर गप्प बसावे लागू नये म्हणून. हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिले तर चालेल का, असे मी आमच्या मार्गदर्शकांना विचारले. ते म्हणाले, चालेल. पण ऑगस्टीन यांच्या नावावर लिहा, स्वतःच्या नव्हे, आणि तळटीप द्या.

ऑगस्टीन यांना मी अर्धवेळ विद्यार्थ्यांचे पालक संत मानते. हा ग्रंथ आपण तरुणपणी सुरू केला आणि म्हातारपणी प्रसिद्ध केला, असे त्यांनी स्वतःच एका पत्रात कळवले आहे. मधल्या काळात ते हिप्पोचे बिशप होते, आणि लोकांचे तंटे ऐकून निवाडे करण्यात त्यांचे तासन्‌तास जात. विलंब इतका झाला की वाट पाहून कंटाळलेल्या लोकांनी अपुरी प्रतच त्यांच्या परवानगीवाचून नेली. शेवटी ग्रंथाचे एकूण 15 भाग झाले. आमच्या प्रश्नपत्रिकेत याच विषयावर असा प्रश्न होता : 'त्रैक्याचा सिद्धान्त संक्षेपात स्पष्ट करा. (गुण 10)'.

किंबहुना या विद्याशाखेत वेळेवर काम पूर्ण करण्याची परंपराच फारशी दिसत नाही. थॉमस अक्वायनस यांनी डिसेंबर 1273 मध्ये आपल्या महाग्रंथाचे लेखन अचानक थांबवले, आजवर लिहिले ते सारे मला गवताच्या काड्यांसारखे वाटते असे सांगितले, आणि पुढच्या मार्च महिन्यात त्यांचे निधन झाले. ग्रंथ अपुरा राहिला. विसाव्या शतकात कार्ल बार्थ यांनी 1932 पासून 1967 पर्यंत आपल्या सिद्धान्तग्रंथाचे खंडामागून खंड काढले, नऊ हजारांहून अधिक पाने छापून झाली, आणि तोही अपुराच राहिला. निबंधाला मुदतवाढ मागताना हे दोन्ही दाखले मी अर्जात नमूद केले. मुदतवाढ आजारपण किंवा घरातील मृत्यू या दोनच कारणांसाठी देता येते, असे उत्तर आले. अक्वायनस यांचे प्रकरण दुसऱ्या कारणात बसू शकले असते. माझे बसत नव्हते.

बाहेरच्या जगाला या सगळ्याची कल्पना नसते. मी ईश्वरविज्ञान शिकते हे कळताच कोणत्याही बैठकीत प्रार्थना करण्याची जबाबदारी माझ्याकडे येऊ लागली, आणि एका रविवारी पाळकसाहेब गावाला जाणार म्हटल्यावर उपदेशही माझ्याकडेच आला. मी अजून शिकते आहे, या सबबीचा उपयोग होत नाही. कारण तिला फार थोर पूर्वोदाहरण आडवे येते. 374 मध्ये मिलान येथे बिशपच्या निवडीवरून दंगल होऊ नये म्हणून प्रांताचे राज्यपाल अँब्रोज बंदोबस्ताला गेले, आणि जमावाने त्यांनाच बिशप करा असा घोष केला. त्यांचा तोवर बाप्तिस्माही झाला नव्हता. तो उरकून आठवड्याभरात त्यांना बिशप करण्यात आले. स्वतः शिकण्यापूर्वीच आपल्याला शिकवायला लागावे लागले, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. पाळकसाहेबांना ही गोष्ट माझ्याआधीपासून ठाऊक होती, आणि त्यांनी ती मला फोनवर ऐकवली.

सासूबाईंचा प्रश्न मात्र एकच आहे आणि तो पहिल्या सत्रापासून बदललेला नाही : येशू परत कधी येणार? मार्काच्या तेराव्या अध्यायात ती वेळ देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, केवळ पित्यालाच ठाऊक आहे, असे स्पष्ट लिहिले आहे, हे मी त्यांना दाखवले. त्या म्हणाल्या, "ते मलाही वाचता येते. तू फी कशाची भरतेस?"

सध्या पुढील वर्षाच्या ऐच्छिक विषयांचा अर्ज टेबलावर पडला आहे. त्यात हिब्रू भाषा आणि अंतिम गोष्टींचे, म्हणजे जगाचा शेवट आणि येशूचे परत येणे यांचे, ईश्वरविज्ञान यांपैकी एकच निवडता येतो. दुसरा विषय घ्यावा, म्हणजे निदान साल तरी कळेल, असा सासूबाईंचा आग्रह आहे. हिब्रू घेतले तर जेवताना तिच्यावर कोणालाच मत देता येणार नाही, हे नवऱ्याने कोणताही आकडा न मांडता ओळखले आणि तो सासूबाईंच्या बाजूने गेला. मी हिब्रूपुढे खूण केली आहे. अर्जावर कुटुंबीयांची संमती लागत नाही, हे मी सही करण्यापूर्वी दोनदा वाचून पाहिले.