गूळ खाऊन फुफ्फुसातली सिलिका निघत नाही हो

परत एकदा तो मेसेज फिरायला लागलाय, यावेळी आमच्या फाउंड्रीवाल्यांच्या, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्यांच्या ग्रुपवर. थोडक्यात असा: फाउंड्री, खडी क्रशर, फरशी कटिंगवाल्यांनी शिफ्ट सुटल्यावर गुळाचा खडा खावा, गूळ धूळ धरतो आणि पोटावाटे काढून टाकतो, नाकाला ओला रुमाल बांधला की बास, खोकला नाही म्हणजे फुफ्फुस साफ, आणि झालंच काही तर तो टीबी, ६ महिने गोळ्या खा. कोल्हापुरात राहून गुळाविरुद्ध बोलायचं म्हणजे धाडसच, पण बोलतो.

पहिलं गुळाचंच. गूळ जातो अन्ननलिकेत, धूळ जाते श्वासनलिकेत, दोघांची गाठच पडत नाही. मग बरं का वाटतं? तर जाड धूळ नाकात, घशात, श्वासनलिकेत अडकते, कफाबरोबर वर येते आणि आपण ती थुंकतो नाहीतर गिळतो, हे शरीर आपलं आपण करतं, गूळ खा नाहीतर नका खाऊ. गुळाने घसा ओला होतो, तोंडाची कोरड जाते, एवढंच.

खरा घोळ बारीक धुळीचा आहे. मोल्डिंगच्या, म्हणजे साचे बनवायच्या वाळूत असते ती सिलिका, तिचे ५ मायक्रॉनच्या आतले कण (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड) थेट फुफ्फुसाच्या टोकाच्या बारीक पिशव्यांपर्यंत पोचतात आणि तिथं कफाने वर ढकलायची सोय नाही. तिथल्या पेशी कण गिळतात, तो पचत नाही, पेशी मरते, कण पुन्हा मोकळा, मग दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते, आणि या भानगडीत आजूबाजूला व्रण पडून गाठी तयार होतात. हाच सिलिकोसिस. पडलेला व्रण मागे जात नाही, काम सोडलं तरी आजार वाढू शकतो.

आता कुणीतरी गुळाचा तो १९९४ चा प्रयोग आणून टाकणार. आहे तो, खोटा नाही. पण तो उंदरांवरचा आहे. उंदरांच्या फुफ्फुसात धूळ घालून गूळ दिला तर थोडा फायदा दिसला, यावरून माणसाचा सिलिकोसिस टळतो असं होत नाही.

रुमाल. नॉकआउटला, म्हणजे ओतलेला भाग बाहेर काढायला वाळूचा साचा फोडतात तेव्हा पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धूळ नाचताना दिसते ना, ती बरीचशी जाड, रुमाल अडवतो ती हीच. घातक असते ती डोळ्याला दिसतच नाही आणि रुमालाच्या विणीतून, बाजूच्या फटीतून आरामात आत जाते. एन-९५ चालतो पण चेहऱ्याला घट्ट बसला तर, दाढीवर बसत नाही. आणि सुट्टी झाली की एअर लाइनचा पाइप घेऊन अंगावरच्या कपड्यांवर हवा मारायची जी सवय आहे ती आधी बंद करा, बसलेली सगळी धूळ परत तोंडावर उडते.

खरं म्हणजे मास्क हा शेवटचा उपाय. आधी जिथं धूळ उठते तिथंच ती ओढून घेणारं सक्शन, कटिंग करताना पाणी, भाग साफ करायला वाळूच्या माऱ्याऐवजी (ब्लास्टिंग) बंद केबिनमध्ये स्टीलच्या बारीक गोळ्यांचा मारा, आणि यातलं काहीच कामगाराच्या खिशातून व्हायचं नाही, ते मालकाने करायचं. म्हणून हा मेसेज मला खटकतो, गुळाचा खडा स्वस्त पडतो हो, डस्ट कलेक्टर महाग. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून किचन ओट्यांच्या त्या कृत्रिम क्वार्ट्झवरच (त्यात सिलिका भरपूर) बंदी घातली, कापणाऱ्या पोरांची फुफ्फुसं जायला लागली म्हणून. गूळ वाटला नाही.

खोकला नाही म्हणजे साफ, हे तर साफ चूक. नेहमीचा सिलिकोसिस दिसायला १० वर्षं किंवा जास्त लागतात, धूळ प्रचंड असेल तर त्याच्या कितीतरी आधी. सुरुवातीला त्रास काहीच नसतो, एक्स-रेवर मात्र वरच्या भागात बारीक ठिपके दिसू शकतात.

आणि तिथंच टीबीचा घोळ होतो, कारण टीबीही बऱ्याचदा वरच्याच भागात दिसतो. डॉक्टर घाईत असतात, काम काय करता हे विचारतच नाहीत, रामाझिनी नावाचा इटालियन डॉक्टर १७०० साली सांगून गेला की पेशंटला त्याचा धंदा विचारा, अजून विचारत नाहीत. तुम्हीच सांगा, फेटलिंगला (ओतलेला भाग घासून साफ करायला) होतो, इतकी वर्षं. थुंकीची तपासणी करायला लावा. सिलिकोसिसवाल्याला टीबी लवकर धरतो हेही खरं, दोन्ही एकत्र असू शकतात, त्यामुळे टीबीच्या गोळ्या लागल्या तर पूर्ण घ्यायच्याच, फक्त त्यांनी सिलिकोसिस जात नाही.

फरक कागदावरही पडतो. टीबी म्हटलं की तो तुमचा आजार, सिलिकोसिस म्हटलं की कामाचा, १९४८ च्या कारखाने कायद्यातही तो कळवायच्या रोगांच्या यादीत होता आणि २०२० च्या कामगार सुरक्षेच्या संहितेतही आहे, भरपाई मागता येते. पण ठेकेदाराकडच्या पोरांचं नाव हजेरीवर असतंच असं नाही आणि आजार काम सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी दिसतो. तेव्हा पगाराची स्लिप, ईएसआयचं कार्ड, गेटपास, जुने एक्स-रे, जे हाताला लागेल ते जपून ठेवा, आणि किमान फोटो काढून घरच्यांना पाठवून ठेवा.