गोळ्यांच्या पट्टीतले रिकामे खण तुमच्या सुरक्षिततेसाठी नसतात

पट्टीत एक-दोनच गोळ्या आणि बाजूला ओळीने रिकामे खण, असं का? या प्रश्नाचं उत्तर देणारा एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा आशय असा : रिकाम्या खणांमुळे शेजारच्या गोळ्यांची एकमेकींवर रासायनिक प्रक्रिया होत नाही. वाहतुकीत धक्के बसले तर हे खण उशीचं काम करतात. मागे माहिती छापायला जागा मिळते. आणि हे सगळं कंपनीने रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी मुद्दाम केलेलं असतं. खाली ‘किती विचार केलाय बघा’ छापाच्या प्रतिक्रियांचा पाऊस. यातला छपाईचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचं आधी खण दिसले आणि मग कारण शोधलं, अशा पद्धतीचं आहे.

रासायनिक प्रक्रियेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त लोकांना तोच मुद्दा पटतो. एका पट्टीतल्या गोळ्या बहुतेक वेळा एकाच औषधाच्या, एकाच बॅचच्या असतात. तेच औषध बाटलीत येतं तेव्हा शंभर गोळ्या एकमेकींना खेटून महिनोन् महिने पडलेल्या असतात आणि त्यांना काही होत नाही. मग पट्टीत, मध्ये प्लास्टिकची भिंत आणि वरून फॉइलचं सील असताना काय होणार? शिवाय दोन वेगळी औषधं एकाच पट्टीत शेजारी शेजारी दिलेली पाकिटंही असतात. मलेरियासाठी आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन अशी एकत्र ब्लिस्टरमध्ये, म्हणजे अशाच खणांच्या पट्टीत, दिली गेली आहेत. शेजारच्या खणाची भीती असती तर हे जमलंच नसतं.

गोळीचा खरा शत्रू बाहेरून येतो : पाण्याची वाफ, ऑक्सिजन, उजेड. ॲस्पिरिन दमट हवेत राहिलं की त्याचं हळूहळू सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल होतं. जुन्या गोळ्यांना व्हिनेगरसारखा वास येतो तो त्यामुळेच. ही वाफ शेजारच्या खणातून येत नाही, आपल्याच खणाच्या भिंतीतून आणि सीलमधून येते. साध्या पट्टीचं प्लास्टिक म्हणजे साधारण २५० मायक्रॉनची, म्हणजे पाव मिलिमीटर जाड, पीव्हीसी फिल्म. ती गरम करून, दाबाच्या हवेने साच्यात फुगवली की खण तयार होतो. फुगवताना फिल्म ताणली जाते आणि खणाच्या कोपऱ्यांत सगळ्यात पातळ होते. खण जितका खोल आणि कोपरे जितके टोकदार, तितकी तिथली भिंत कमकुवत. म्हणून औषध नाजूक असेल तर पीव्हीसीवर पीव्हीडीसीचा थर देतात, पीसीटीएफईची फिल्म जोडतात (दोन्ही वाफ जास्त अडवणारी प्लास्टिकं) किंवा सरळ दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम वापरतात. शेजारचा खण रिकामा ठेवून वाफ थोपवता येत नाही.

सीलचं काम डोळ्यांनी बघता येतं. पट्टी उलटी करून तिरप्या उजेडात धरा. फॉइलवर बारीक चौकटींची किंवा ठिपक्यांची जाळी उमटलेली दिसेल. तो सीलिंग प्लेटचा ठसा. गरम प्लेटने दाबल्यावर फॉइलच्या आतल्या बाजूचा लॅकर, म्हणजे उष्णतेने चिकटणारा थर, वितळून प्लास्टिकला चिकटतो. ही जाळी कुठे पुसट असेल किंवा खणापासून कडेपर्यंत सुरकुती गेलेली असेल, तर हवा आत यायला वाट मिळाली. ती पकडण्यासाठी कारखान्यात काही पट्ट्या निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून हवा ओढून घेतात आणि मग पुन्हा सोडतात. खणात निळा डाग दिसला की पट्टी नापास.

उशीचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. गोळी वाहतूक सोसेल की नाही हे पट्टीत जाण्याआधीच ठरतं. नमुन्याच्या गोळ्या एका ड्रममध्ये १०० वेळा फिरवून त्यांचं वजन किती घटलं ते बघतात. घट १ टक्क्याहून जास्त असली तर सहसा चालत नाही. जिभेवर विरघळणाऱ्या काही गोळ्या मुळातच ठिसूळ असतात. त्यांच्यासाठी फॉइल ढकलून फोडायच्या ऐवजी सोलून काढायचं देतात, कारण अशी गोळी मोडते ती तुमच्या अंगठ्याच्या दाबाने. एवढं मात्र मान्य करायला हवं की खणांचे उंचवटे आणि मधल्या पन्हळी यांनी पट्टी ताठ राहते, वाकडी होत नाही आणि खोक्यात नीट रचली जाते. पण त्यासाठी पन्हळी पुरतात, अख्खा खण लागत नाही.

आता छपाई. मागचं फॉइल भरलेल्या खणामागेही असतंच आणि त्यावर छापताही येतं. अडचण वेगळी आहे : गोळी बाहेर काढली की तिथली अक्षरं फाटतात. बॅच क्रमांक आणि मुदत बऱ्याचदा पट्टीच्या एकाच टोकाला ठोकलेली असते. तिथूनच कापायला सुरुवात केली की उरलेल्या गोळ्यांची मुदत कळायला मार्ग नाही. रुग्णालयांसाठीच्या चांगल्या पट्ट्यांत प्रत्येक खणामागे नाव, मात्रा, बॅच आणि मुदत स्वतंत्र छापतात आणि खणांमध्ये फाडायच्या रेषा देतात. त्यासाठी प्रत्येक गोळीमागे खरोखर जास्त जागा लागते. फॉइल छपाईच्या खुणेशी जुळवून पुढे सरकवावं लागतं, नाहीतर नाव दोन खणांत अर्धं-अर्धं पडतं. म्हणजे जागा छपाईसाठी लागते हे बरोबर, पण ती ओळीने रिकामे खण ठेवून मिळवलेली जागा नव्हे.

मग रिकामे खण येतात कुठून? साच्यामुळे. ब्लिस्टर मशीनवर फॉर्मिंगचा साचा, गोळ्या सोडणारा फीडर, सीलिंग प्लेट आणि पट्टी कापायचं डाय (कापणारा साचा) हे सगळं एकाच मांडणीला बांधलेलं असतं. दहा खणांचा संच तयार आहे आणि औषध मात्र एका डोसचं आहे, खपही कमी आहे. नवा संच करायचा तर खर्च आला. मग सीलिंगचं तापमान, दाब, वेग पुन्हा पडताळायचे आणि कागदपत्रंही नव्याने करायची. त्यापेक्षा फीडरच्या काही वाटा बंद केल्या की काम झालं. गंमत म्हणजे लाइनवरच्या कॅमेऱ्याचं एक मुख्य काम रिकामा खण पकडून पट्टी बाहेर टाकणं हेच असतं. या पट्ट्यांसाठी त्याला ‘इथे रिकामंच असू दे’ असं वेगळं शिकवावं लागतं.

‘सुरक्षिततेसाठी मुद्दाम’ हा शेवटचा दावा मला सगळ्यात खटकतो, कारण तो खरी तक्रार दडपतो. रिकामा खण फुकट येत नाही. २५० मायक्रॉन पीव्हीसी म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३४० ग्रॅम प्लास्टिक. २० मायक्रॉन फॉइलचे त्याच जागेत सुमारे ५४ ग्रॅम. दोन्ही एकमेकांना चिकटवलेले, त्यामुळे वेगळे करून पुन्हा वापरायला कठीण. वर मोठं खोकं आणि जास्त वाहतूक. वयस्कर माणसाला रिकामा खण दिसला की ‘सकाळची घेतली वाटतं’ असा घोळ होतो तो निराळाच. गर्भनिरोधक गोळ्यांच्या २८ च्या पाकिटांत बघा. २१ औषधी गोळ्यांनंतरचे सात दिवस रिकामे सोडता आले असते. तिथे गर्भनिरोधक औषध नसलेल्या गोळ्या भरल्या, रोजची सवय मोडू नये म्हणून. रुग्णाचा विचार करून केलेली मांडणी ती.

प्रतिक्रियांत उलट टोकही असतं : ‘मोठी पट्टी म्हणजे निव्वळ फसवणूक.’ हेही सरसकट खरं नाही. पूर्ण ॲल्युमिनियमच्या पट्टीत खण थंड धातू दाबून करतात. गरम प्लास्टिकसारखा तो हवा तसा ताणता येत नाही. भिंती उभ्या केल्या तर बारीक छिद्रं पडतात. म्हणून भिंती तिरप्या, खण पसरट आणि पट्टी मोठी. छोट्याशा गोळीला एवढी जागा तिथे नाइलाजाने लागते. साध्या प्लास्टिकच्या पट्टीत निम्मे खण रिकामे असतील तर मात्र त्याचा जाब विचारायला हरकत नाही.

आणि पट्टी कापून न्यायची वेळ आली तर कात्री खणाला खेटून चालवू नका, भोवतीचा जाळीचा काठ शाबूत राहू द्या. मुदत छापलेलं टोक शेवटी कापा.